धरलेली पाठ

पारोळ्यात कुणाची पाठ धरली, कुणाची मान अवघडली किंवा बाळंतिणीचं अंग चोळायचं असलं, की झुंबरबाईला बोलावणं यायचं. ती सुईण नव्हती आणि हाडवैद्यही नव्हती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वाट्याची कोरडवाहू जमीन दीर कसत होता, आणि तिच्या हातांत मात्र उपजतच गुण होता. पाठीवर बोटं फिरवली की कुठली शीर कुठं आखडून बसलीय ते तिला कळायचं. मग कोमट तेल, तापल्या वाळूची पुरचुंडी आणि अंगठ्याचा दाब. कण्हत आलेला माणूस जाताना कमरेवर हात न ठेवता चालत जायचा. गल्लीतल्या बाया तिच्या हाताचं कौतुक करायच्या. ती वरवर दुर्लक्ष करी, पण आतून सुखावत असे.

सन चौतीसच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिची एकुलती एक लेक सुनंदा धरणगावहून माहेरी आली. बैलांची दमणी दारात थांबली, पण पोरगी खाली उतरेना. आधी तिनं दोन्ही हात दांडीवर घट्ट रोवले, मग सगळं अंग एकाच वेळी वळवलं, जसं एखादं कपाट दारातून बाहेर काढतात तसं, आणि हळूच एक पाय जमिनीला लावला. उजवा पाय मांडीतून वाकलेला होता. टाच टेकत नव्हती. ओटा चढताना तिनं एक हात मांडीवर दाबून धरला होता.

तिच्यासोबत सासू आली होती. मंदाबाई उगाच कुणाच्या दारात पाऊल टाकणारी बाई नव्हती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सरळच विषय काढला.

"विहीनबाई, इले आते तुमना हातखाल घाला. काम सांगं की इनी पाठ धरस. भाकरी कराले बसाडं तं उठता येत नही म्हनस. इहिरवर धाडी तं अर्धी घागर लई येस. आम्हनं कपाशीनं घर शे, आठे बशी रहाले कोनले फुरसत शे?"

"पोर कामचुकार नही मनी," झुंबरबाई म्हणाली.

"मी कोठे म्हनस? पन दुखणं शे तं दिसाले पाहिजे. ना सूज, ना जखम." मंदाबाईनं पदर सावरला. "बरी व्हयनी तं धाडा. नही तं आम्हले बी इचार करना पडी."

हा 'इचार' म्हणजे काय ते झुंबरबाईला समजलं. तिची कानशिलं तापली. पण पाठ धरणं म्हणजे तिच्या हातचा रोजचा मळ. ती म्हणाली, "आखाजी उलटू द्या. सरळ करीसन धाडसू."

सुनंदा भिंतीला टेकून उभी होती.

आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या निंबाला झोके बांधले होते. माहेरवाशिणी एकमेकींना हाका मारत होत्या, गाणी म्हणत होत्या. सुनंदाही गेली, पण झोक्यावर बसली नाही. दोराला धरून उभी राहिली. एका मैत्रिणीनं खांद्यावर हात टाकून तिला मागं वळवलं, तेव्हा तिचा चेहरा असा पांढरा पडला की त्या मैत्रिणीनं घाबरून हात काढून घेतला. झुंबरबाईनं ते दारातून पाहिलं. तिनं पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर चुलीवरून उतरवलं, तेलाची वाटी निखाऱ्यांवर ठेवली आणि लेकीला हाक मारली.

लेकीला पालथं झोपवून तिनं पाठीवर हात फिरवला आणि ती चपापली. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाचे दोन पट्टे होते, मोटेच्या ताणलेल्या नाड्यासारखे. बोटानं दाबले तरी दबत नव्हते. असं आखडलेलं अंग तिनं मोट हाकणाऱ्या बाप्यांचं पाहिलं होतं, पण सतरा वर्षांच्या पोरीचं नव्हतं. मांडीच्या आतल्या बाजूला, ओटीपोटाकडे जाणारी एक शीर तर अशी खेचलेली की पाय सरळ करायला गेलं की कंबरच पलंगावरून वर उचलली जायची.

"आंग सैल सोड."

"सोडस ना माय."

"कोठे सोडस? हाई काय लाकूड ठेयेल शे का?"

"मी नही धरत वं. ते आपोआप धरस."

झुंबरबाई हसली. सगळेच असं म्हणायचे. तिनं बाह्या सारल्या.

संध्याकाळपर्यंत तिनं ती पाठ मऊ केली. पट्टे सैल पडले, पाय जरा लांबला. तिनं समाधानानं हात धुतले आणि लेकीला साजूक तूप घालून पुरणपोळी वाढली. सकाळी उठून बघते तर पाठ होती तशी. उलट जरा जास्तच.

मग रोज तेच सुरू झालं. चोळायचं, शेकायचं, दाबायचं. दिवसभर खपून मिळवलेलं रात्रीतून कुणी तरी चोरून न्यावं तसं नाहीसं व्हायचं. तिनं तिळाचं तेल बदलून करडईचं घेतलं, करडईत लसूण जाळली, एरंडाची पानं गरम करून बांधली. सुनंदाला तिन्हीसांजेला कणकण येई आणि ताटातली भाकरी ती अर्धीच खाई. त्याचा दोष झुंबरबाईनं सासरच्या खाण्यापिण्याला दिला. पाठीचा दोष कुणाला द्यावा ते तिला समजत नव्हतं. म्हणून तोही तिनं लेकीच्या माथी मारला.

"तू मुद्दाम ताठ व्हस," एक दिवस ती वैतागून म्हणाली. "तुले धरणगाव जावानं नही, असं सांगी दे ना मंग तोंडनं."

सुनंदानं उशीत तोंड खुपसलं. तिची पाठ रडतानासुद्धा हलत नव्हती. खांदे तेवढे हलत होते.

झुंबरबाईला त्या पाठीचाच राग यायला लागला होता. सगळ्या गावाच्या पाठी हिच्या हाताला वश, आणि घरचीच एक ऐकत नाही. शेजारी बोलावणं आलं तर ती जायची, दुसऱ्याच्या मानेवर दोन बोटं फिरवायची, तो माणूस हायसं करून डोळे मिटायचा, आणि ती घरी परतायची ती जास्तच धुसफुसत.

अशात एका दुपारी एक गोष्ट घडली. जेवणं झाली होती. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. सुनंदाला कुशीवर पडल्या पडल्या झोप लागली. झुंबरबाई पंख्यानं वारा घालत बसली होती. सवयीनं तिचा हात लेकीच्या पाठीवर गेला. पाठ मऊ होती. मळलेल्या कणकेसारखी. ते दोन्ही पट्टे जणू विरघळून गेले होते. इतके दिवस झगडून जे साधलं नव्हतं ते नुसत्या झोपेनं झालं होतं. झुंबरबाईनं श्वास रोखला. आता पोरीला बरं वाटेल, असं तिच्या मनात येतं न येतं तोच सुनंदा झोपेत जराशी कलली आणि किंकाळी फोडून जागी झाली. झुंबरबाईच्या तळहाताखाली ते पट्टे क्षणात पुन्हा ताठ झाले. ते झाले तशी सुनंदाची किंकाळी थांबली.

आखडलेलं सैल झालं की दुखणं कमी होतं, हे झुंबरबाईला जन्मभर ठाऊक होतं. इथं सैल झालं तेव्हाच दुखलं. हे उलटंच काही तरी होतं. पण तिला त्यातून वाट दिसली नाही, फक्त चीड आली.

त्याच आठवड्यात जावई आला. अभिमन अंगानं दणकट होता, पण घरात आईपुढं त्याचा आवाज निघत नसे. तो ओसरीवर बसला, चहा घेतला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"माय म्हनस, पानी पडाना पहिले धाडा," तो शेवटी म्हणाला. "निंदणीले माणसं लागतीन."

"तुमले काय वाटस?" झुंबरबाईनं विचारलं.

"माले काय वाटाचं. बरी व्हयी गयी तं चांगलंच शे."

तो सुनंदाशी दोन शब्द बोलला आणि निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना झुंबरबाईच्या मनानं घेतलं की आता हळुवारपणाचे दिवस संपले. ही शीर ओढून सरळ करायची. एकदा जोरात ओढली की सुटेल. म्हाताऱ्या हाडवैद्यांना तिनं तसं करताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या दोघी बायांना बोलावलं. एकीला खांदे धरायला लावले, एकीला डावा पाय. स्वतः गुडघा लेकीच्या कमरेला टेकवला आणि उजवी मांडी मागं खेचली.

सुनंदा ओरडली नाही. तिच्या तोंडून नुसता हवा गेल्यासारखा आवाज आला आणि तिची मान एका बाजूला पडली. खांदे धरणारी बाई घाबरून मागं सरली. तोंडावर पाणी मारल्यावर पोरीनं डोळे उघडले. ती नुसती आईकडे बघत होती. झुंबरबाईला ती नजर सोसवेना. ती उठून परसात गेली आणि उगाच तुळशीखालची पानं वेचत राहिली.

पाय आणखी वर खेचला गेला. आणि दोन दिवसांनी तेल लावताना झुंबरबाईच्या अंगठ्याला कण्याच्या मधोमध काही तरी लागलं. एक मणका बाहेर आला होता. लहान, टोकदार, लिंबाएवढाही नाही. तिनं अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. ते मांस नव्हतं. ते हाड होतं. तिला हाडातलं काही कळत नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ रुपचंद धुळ्याला कापसाच्या प्रेसवर मुकादम होता. तिनं त्याला निरोप धाडला. तो सर्व्हिस मोटारीनं आला, भाचीला बघितलं आणि तिथंच खाली बसला.

"अक्का, इतला दिन काय करी राहिनी व्हती तू?"

"मी काय करी राहिनी व्हती?" झुंबरबाई उसळली. "मना हाताले फोड उनात, आनि तू माले इचारस?"

रुपचंदनं पुढं वाद घातला नाही. त्यानं बैलगाडीत कडबा पसरला, वर दोन गोधड्या टाकल्या आणि पहाटे निघून सगळे उन्हं चढेपर्यंत जमेल तेवढं अंतर तोडत, झाडाखाली थांबत, धुळ्याला पोचले.

दवाखान्यात ही गर्दी. बाकावर जागा नव्हती. झुंबरबाई लेकीला भिंतीशी धरून उभी राहिली. नंबर आला तेव्हा डॉक्टर दमलेला दिसत होता. तरुणच होता, केस कपाळावर चिकटलेले. त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, पण पाठीला हात लावला नाही. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून फरशीवर टाकला.

"मुली, तेवढ्या किल्ल्या उचलून दे बघू."

झुंबरबाईला वाटलं, हा थट्टा करतोय. सुनंदानं एक हात मांडीवर रोवला. गुडघे वाकवले. पाठ उभ्या फळीसारखी ताठ ठेवून ती हळूहळू खाली बसली आणि चाचपून किल्ल्या उचलल्या. उठताना तिनं स्वतःच्याच मांड्यांवर हातांनी चढत चढत अंग वर आणलं.

डॉक्टरनं मान हलवली. मग तिला टेबलावर पालथं घेतलं, हलक्या हातानं तो बाहेर आलेला मणका चाचपला, एकेक पाय अगदी थोडा उचलून बघितला. पोट तपासलं, जांघेत कुठं गाठ आहे का पाहिलं. संध्याकाळी ताप येतो का विचारलं.

"येतो," झुंबरबाई म्हणाली. शहरातल्या माणसाशी बोलताना ती जमेल तशी शुद्ध बोलायची. "पण साहेब, दुखणं शिरेचं आहे. शीर आखडली आहे."

"आखडली आहे, बरोबर. पण दुखणं तिचं नाही. दुखणं मणक्यात आहे. क्षय आहे. छातीत होतो तसा हाडातही होतो. आतून हाड पोखरत चाललं आहे."

रुपचंदनं दाराची चौकट धरली.

"मग शीर कशाला आखडते?" झुंबरबाईनं हट्टानं विचारलं.

डॉक्टर घाईत होता, पण थांबला. "आतलं हाड ठिसूळ झालंय. जरा हललं की दुखतं. म्हणून पाठीचे, मांडीचे स्नायू त्याला गच्च धरून ठेवतात, हलू देत नाहीत. ती मुद्दाम करत नाही, शरीर करतं. झोपेत ते सैल पडतात तेव्हा ओरडत असेल ना?"

झुंबरबाईला ती दुपार आठवली.

"कुणी चोळलं-ओढलं का हिला?"

रुपचंद खाली बघायला लागला. झुंबरबाई म्हणाली, "मी."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. त्याचंच तिला वाईट वाटलं. तो रागावला असता तर तिला भांडता आलं असतं.

"आता नको," तो म्हणाला. "तेल नको, शेक नको, दाबणं नको. प्लास्टरचा साचा करून देतो. त्यात उताणं पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही. दूध, अंडी, मोकळी हवा."

"किती दिवस?"

"वर्ष. कदाचित दीड वर्ष. जास्तही लागेल. याला औषध नाही, बाई. विश्रांती हेच औषध."

झुंबरबाईचा इतक्या दिवसांचा कोंडलेला संताप तिथं बाहेर पडला. "पाठ जखडली म्हणून तुमच्याकडं आणली, आणि तुम्ही आणखी जखडून टाकता? दीड वर्ष? हिच्या सासरचे दीड महिना थांबायला तयार नाहीत. हिला काय मी लाकडासारखी ठेवू परसात?"

बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. डॉक्टर म्हणाला, "ठेवलीत तर पोर पुढं चालेल. नाही ठेवलीत तर पाय लुळे पडतील." आणि त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

त्यांनी तीन दिवस रुपचंदच्या खोलीवर काढले. दवाखान्यात सुनंदाच्या अंगाच्या मापाचा पांढरा साचा तयार झाला, मानेपासून मांड्यांपर्यंत, गुरांच्या पाण्याच्या डोणीसारखा. तिला त्यात घालून पट्ट्यांनी बांधलं तेव्हा ती आढ्याकडे बघत होती. झुंबरबाईनं विचारलं, "दुखस का?"

"नही," सुनंदा म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं. "माय, आते नही दुखत."

झुंबरबाईला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याखाली मोठं काही तरी खुपत राहिलं. एवढे दिवस आपण जिवाचं रान केलं, आणि चुन्याच्या एका डोणीनं ते एका घटकेत केलं.

पारोळ्याला परत आल्यावर परसात निंबाखाली बाज टाकली. तिथंच सुनंदा पडून राहायची. पाऊस आला की बाज ओसरीत, उघडलं की परसात. रुपचंद महिन्या-दोन महिन्यांनी येऊन बघून जायचा. दूध घरात होतं. अंडी मात्र त्या घरात कधी आली नव्हती. झुंबरबाई पदराखाली लपवून आणायची, फोडून दुधात घालायची आणि भांडं राखेनं तीनतीनदा घासायची. तरी गल्लीला कळलंच.

गल्लीला सगळंच कळत होतं. बाया यायच्या, बाजेशी उभ्या राहायच्या, हळहळायच्या आणि जाताना म्हणायच्या, "बठ्ठा गावनी पाठ चोळी, आनि सोतानी पोरले हात लावत नही." कुणी देवरुषी सुचवायचं, कुणी नवस. एकीनं तर झुंबरबाई आत असताना पट्ट्या सोडून पोरीला बसवायचा घाट घातला होता. "जराशी बशी पाह्य, काय व्हस?" सुनंदानंच आरडाओरडा करून तिला थांबवलं. त्या दिवसापासून झुंबरबाईनं परसाच्या दाराला कडी लावायला सुरुवात केली, आणि बाया तेही बोलल्या.

सगळ्यात अवघड होतं ते हात आवरणं. ती लेकीचं अंग पुसायची, केस विंचरायची, तळपायाला तेल लावायची. तेवढ्याला परवानगी होती. पण हात आपसूक वर सरकत जायचा, मांडीशी थबकायचा. ती स्वतःवरच चिडून उठायची आणि जे हाताला लागेल ते घासायला घ्यायची. सुनंदाही काही देवता नव्हती. उन्हाळ्यात प्लास्टरखाली घाम साचून अंगाला आग व्हायची, तेव्हा ती आईला वाटेल ते बोलायची. "माले कापी टाक," म्हणायची. "नही तं सोडी दे." दोघी कधी कधी दिवस दिवस एकमेकींशी बोलत नसत, आणि तरी वाटी तोंडाला लावायला एक आणि तोंड उघडायला दुसरी, असं चालू राही.

पहिली दिवाळी झाल्यावर मंदाबाई आली. बाजेजवळ उभी राहून तिनं सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आम्ही पोरगी पाही राहिनूत," ती झुंबरबाईला म्हणाली. आवाज कठोर नव्हता, हेही खरं. "मना एकच पोऱ्या शे. कितला दिन थांबू?"

"थांबू नका," झुंबरबाई म्हणाली. भांडायचं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं, शब्दही जुळवले होते. पण ऐन वेळी तिला नुसता थकवा आला. "पन हिना समोर बोलू नका."

"मी ऐकी राहिनू," बाजेवरून सुनंदा म्हणाली. "करू दे वं माय. मी काय उठीसन आडवी येनार शे?"

अभिमनचं दुसरं लग्न त्याच लगनसराईत झालं. तो त्याआधी एकदा आला होता. बाजेच्या पायथ्याशी बसला, आणि त्यानं एक डाळिंब ठेवलं. सुनंदानं त्याला विचारलं, कपाशी कशी आहे. तो म्हणाला, बरी आहे. एवढंच बोलणं झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी झुंबरबाई लेकीचे पाय पुसत होती आणि तिचा हात थांबला. उजवी मांडी डावीच्या बरोबरीनं सपाट पडली होती. ती कधी उतरली ते कळलंच नव्हतं. कुणी ओढली नाही, कुणी दाबली नाही. हाडाला आधार मिळाला आणि शिरेनं आपली पकड सोडून दिली होती. झुंबरबाईनं दोन्ही गुडघे एकाला एक लावून बघितले. पदर डोळ्यांना लावला आणि मग एकाएकी ती चिडली, इतकी की पाण्याचं घंगाळ लाथेनं कलंडलं.

"काय व्हयनं?" सुनंदानं विचारलं.

"काही नही. पाय सरळ व्हयना तुना."

"मंग रागे कसाले भरस?"

झुंबरबाई कलंडलेलं घंगाळ उचलून पुन्हा पाणी भरायला गेली.

दीड वर्ष म्हणालेला डॉक्टर शेवटी दोन वर्षांवर गेला. मग साच्याऐवजी चामड्याचा पट्टा आला. सुनंदा पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिला घेरी आली. पाय काड्यांसारखे झाले होते. मामाच्या खांद्यावर हात टाकून ती भिंतीपर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. काही महिन्यांनी ती एकटी विहिरीपर्यंत जाऊ लागली. टाच टेकत होती. पण ते मणके एकमेकांत कायमचे सांधून गेले होते. तिला वाकता येत नसे, जात्यावर बसता येत नसे, पाठीवरचा उंचवटा चोळीतून दिसायचा. उभ्यानं होईल ते सगळं ती करू लागली. ओट्यावर चूल बांधून घेतली आणि उभ्यानं भाकऱ्या थापायला शिकली. पहिल्या भाकऱ्या करपल्या, त्या दोघींनी खाल्ल्या.

पुढच्या वर्षी शेवटच्या गल्लीतली लताबाई आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन आली. नवरा कौतिक मोठा खातापिता शेतकरी होता. पोरीची पाठ ताठ झाली होती, ती खेळेना, बसली की हात जमिनीला टेकवून बसायची.

"जरा तेल लाई द्या, झुंबरबाई."

झुंबरबाईनं पोरीला खाली उतरवलं, अंगणात एक चिंच टाकली आणि ती उचलायला सांगितली. पोर पाठ न वाकवता उकिडवी बसली. झुंबरबाईनं तिला उचलून लताबाईच्या हाती दिलं.

"मी हात नही लावनार. धुळाले ली जा."

"धुळाले? इतलासा पाठनासाठे?"

"ली जा, सांगी राहिनू ना."

लताबाई दुखावली. झुंबरबाईला गर्व झालाय, पोर कुबडी झाल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं तिनं गल्लीभर सांगितलं, आणि पोरीला दुसऱ्या एका मालीश करणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. झुंबरबाई तिच्या दारी दोनदा गेली. पहिल्यांदा लताबाई घरात नाही असं सांगितलं गेलं. दुसऱ्यांदा कौतिक स्वतः म्हणाला, "आम्हनी पोर शे, आम्ही पाहूत."

झुंबरबाई घरी येऊन आदळआपट करू लागली. "मराले पडू देत. मना काय जास? सांगासारखं सांगं. आते मी तोंड उघडाव नही."

सुनंदानं भाकरी तव्यावरून उतरवली. हात पुसले. पायात वहाणा घातल्या.

"कोठे चालनी?"

"येस मी."

ती ताठ पाठीनं, सावकाश, गल्ली ओलांडून गेली. झुंबरबाई थोडं अंतर ठेवून मागं गेली. कौतिकच्या ओसरीवर लताबाई धान्य पाखडत होती. सुनंदानं नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. ती पाठमोरी उभी राहिली आणि तिनं पदर बाजूला केला.

"लताबाई, हात लाव."

"काय करस वं?"

"लाव हात. आठे."

लताबाईनं सूप खाली ठेवलं. भीत भीत बोटं त्या उंचवट्यावर ठेवली आणि चटका बसल्यासारखी काढली.

"मनी बी अशीच धरेल व्हती. तवय हाई नव्हतं," सुनंदा म्हणाली. "मायनं चोळं, ओढं, तवय बाहेर उनं. तुनी पोरनं अजून उनं नही. देखी ले, इचार कर."

आतून कौतिक खाकरला. सुनंदा पदर घेऊन परत फिरली. झुंबरबाई कोपऱ्यावर उभी होती. "मायनं ओढं" हे तिनं ऐकलं होतं. दोघी घरापर्यंत बरोबर चालल्या.

कौतिक पोरीला घेऊन धुळ्याला गेला, पण लगेच नाही. कापूस बाजारात गेल्यावर गेला, आणि कुणाचं ऐकून गेला हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पोरीला साच्यात घालून आणली तेव्हा लताबाई झुंबरबाईच्या दारावरून मान वळवून गेली, जणू हे दुखणं हिनंच दिलं होतं. झुंबरबाईला पुन्हा संताप आला. तिनं विळी घेतली आणि वांगी चिरायला बसली.

"जावानं का तिनाकडे?" सुनंदानं विचारलं. "प्लास्टरखाल कापड कसं सरकवानं, पोरले अंगधुनं कसं करानं, तिले कोन सांगी?"

"ती मनासंगे बोलत नही."

"नको बोलू दे. पोरना तं काही गुन्हा नही."

झुंबरबाईनं चिरलेली वांगी पाण्यात टाकली, हात लुगड्याला पुसले आणि कुरकुरतच उठली.